मधला पीस

भेंड्यांचा डाव रंगात आला की एक गोष्ट हमखास घडते. कुणीतरी जुनं गाणं उचलतं, ध्रुवपद संपतं आणि गाणारा श्वास घ्यायला थांबतो. तेवढ्यात बाकीचे सगळे तोंडाने व्हायोलिनं वाजवू लागतात. अंतऱ्याचे शब्द कुणालाच धड येत नसतात, पट्टी तर केव्हाच सुटलेली असते, पण मधला म्युझिक पीस मात्र बिनचूक येतो. तो तुकडा दोनदा येतो की तीनदा, शेवटच्या खेपेला बासरीची गिरकी आहे की अकॉर्डियनची, हे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ. गाणं कुणाचं म्हणून विचारा, गदिमा, शांताबाई, बाबूजी, लताबाई अशी नावं धडाधड येतील. तो पीस लिहिला कुणी आणि वाजवला कुणी, असं विचारलं की डाव पुढे सरकतो.

मला बोलायचंय ते त्या तुकड्याबद्दल आणि त्याच्या गणगोताबद्दल. रेडिओची संकेतधून, सिनेमातला वॉल्ट्झ, भावगीत वाजवणारं व्हायोलिन, जत्रेतला बँड, हे सगळं एकाच कुळातलं. जाणकारांच्या पंगतीत या कुळाला पाट मिळत नाही. रागदारीवाले त्याला गोडमिट्ट म्हणून बाजूला सारतात आणि सिंफनीवाले तर त्याच्याकडे पाहतही नाहीत. ऐकणारा मात्र त्या सुरांनी गलबलतो आणि लगेच ओशाळून म्हणतो, 'छे, जुन्या आठवणी आहेत हो, बाकी काही नाही.' हे 'बाकी काही नाही' मला पटत नाही. ज्या पोराचा जन्म सीडीसुद्धा मागे पडल्यावर झाला, तोही १९५०च्या आसपासची व्हायोलिनं ऐकून हळवा होतो. त्याच्या आठवणी कुठल्या? तेव्हा ही हुरहुर त्या संगीताच्या बांधणीतच कुठेतरी असली पाहिजे. ती कुठे आहे हे कान देऊन पाहावं, एवढाच या लेखाचा खटाटोप.

माहीम हे त्यासाठी चांगलं ठिकाण. लेडी जमशेदजी रोडवर शीतलादेवीचं देऊळ आहे, व्हिक्टोरिया चर्च आहे आणि रस्ता संपता संपता सेंट मायकेल. मखदूमशाह बाबांचा दर्गा जवळच. एकाच इमारतीत एका मजल्यावर पेटी आणि रेडिओवरची 'आपली आवड', वरच्या मजल्यावर कुणी गोंयकार अंकल व्हायोलिनवर सकाळचा रियाज करतोय, असं इथे वर्षानुवर्षं चाललं. ध्वनिमुद्रणाच्या जागाही माहीमच्या दोन्ही हातांना होत्या. दक्षिणेला ताडदेवचं फेमस, परळचं राजकमल, उत्तरेला खाडी ओलांडली की वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ. व्हायोलिनची पेटी लोकलने जाई, डबल बासला टॅक्सी करावी लागे.

गोंयकार या धंद्यात एवढ्या संख्येने कसे आले, याचं कारण साधं आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असत आणि तिथला मास्तर, ज्याला तिकडे मेस्त म्हणतात, पोरांना व्हायोलिन आणि नोटेशन वाचायला शिकवी. तिथून ही मंडळी पोटासाठी मुंबईला आली. आधी हॉटेलांतले नाचाचे बँड, लग्नाच्या पार्ट्या, आणि मग सिनेमा. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. ती पंचवीस-तीस वाद्यांना वाटून देणं, कुणी कुठे शिरायचं आणि कुणी कुठे गप्प बसायचं हे कागदावर मांडणं, हे काम अरेंजरचं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड हे त्यातले अग्रणी. गाण्याचं घर संगीतकाराचं म्हटलं तरी खिडक्या-दारं यांनी बसवलेली.

पहिला नमुना आकाशवाणीच्या संकेतधुनेचा घेऊ. सकाळी केंद्र सुरू होण्याआधी वाजणारी ती धून मराठी घरांत इतकी मुरली आहे की ती 'कुणीतरी केली' असेल हेच सुचत नाही. ती वॉल्टर कॉफमन याच्या नावावर सांगितली जाते. हा बोहेमियातल्या कार्ल्सबाडचा ज्यू संगीतकार. युरोपात हिटलरचं सावट पडलं तसा तो १९३४ मध्ये मुंबईला आला, १९३७ पासून १९४६ पर्यंत मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. व्हायोलिन मेहली मेहतांचं, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांचं, असं सांगतात.

आता नुसती ऐका. आधी तंबोरा. तंबोऱ्यावर एकटं व्हायोलिन येतं, घाई नाही, आणि वरच्या दिशेने एक ओळ काढून थांबतं. सूर शिवरंजनीचे आहेत, कोमल गंधाराचा तो हलकासा घाव पहिल्याच ओळीत लागतो. पण शिवरंजनी गाणारा आपला गवई त्या गंधाराला आंदोलन देईल, मींड काढेल. इथे व्हायोलिन परदेशी शिस्तीत सरळ, भरदार स्वर लावतं आणि थरथर देतं ती पाश्चात्त्य पद्धतीची. तंबोरा इथला, गज तिकडचा. दोघं एकमेकांना सांभाळून घेतात, पण एकजीव होत नाहीत, आणि माझ्या मते त्या धुनेचं सगळं रहस्य या न मिटलेल्या फटीत आहे. सूर घरचे असूनही उच्चार दूरदेशीचा वाटतो. ज्याचं गाव सुटलं आहे अशा माणसाने परक्या गावचे सूर हातात घेतले की असंच व्हायचं. पुढे शंकर-जयकिशननी 'मेरा नाम जोकर'मधल्या मुकेशच्या गाजलेल्या विरहगीतासाठी हाच राग निवडला, तेव्हा श्रोत्यांच्या कानात त्याची वाट आधीच मळलेली होती.

दुसरा नमुना 'बरसात'चा, १९४९. शंकर-जयकिशनचा हा पहिला चित्रपट. राज कपूर व्हायोलिन छातीशी धरून वाजवतो ती सुरावट सगळ्यांना ठाऊक आहे. ती मुळात रुमानियाचा लष्करी बँडमास्तर इव्हानोविची याने १८८० मध्ये रचलेल्या 'डॅन्यूबच्या लाटा' या वॉल्ट्झची. म्हणजे बँडसाठी लिहिलेलं नाचाचं संगीत, ते युरोपभर फिरलं, रेकॉर्डवर चढलं आणि चेंबूरच्या आर. के. स्टुडिओच्या बोधचिन्हातल्या व्हायोलिनपर्यंत पोचलं.

उचललेली चाल म्हणून नाक मुरडणारे आहेत. मुरडोत. मला कुतूहल आहे ते ही चाल इथे एवढी रुजली कशी याचं. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, आपला दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन खंड. भावगीतं, नाट्यपदं, अंगाईगीतं दादऱ्यावर वाढलेली. वॉल्ट्झ कानी पडला की मराठी मान आपोआप दादऱ्यासारखी डोलू लागते. फरक एकच, आणि तो मोलाचा. दादऱ्यात तबला समेला बोलावून घेतो. वॉल्ट्झमध्ये पहिली मात्रा खाली टेकते आणि उरलेल्या दोन तरंगतात, त्यांना जमिनीची घाई नसते. चांगले व्हायोलिनवादक त्यातली दुसरी मात्रा किंचित ताणतात. केसाएवढा तो उशीर. सगळी हुरहुर तिथे साठलेली असते, कारण पाय पुढे पडायचा असतो आणि सूर अजून मागेच रेंगाळत असतो.

आता समूहाकडे वळू. एक व्हायोलिन आणि बारा व्हायोलिनं यांत आवाज वाढतो, एवढाच फरक बहुतेकांना वाटतो. खरा फरक जातीचा आहे. बारा माणसं एकच स्वर लावतात तेव्हा तो तंतोतंत एक कधीच नसतो. कुणाचं बोट केसभर वर, कुणाचं केसभर खाली, कुणाचा गज आधी वळला, कुणाची थरथर जरा जलद. या बारीक मतभेदांतून आवाजाला अंग येतं, ऊब येते. सिंथेसायझरवरच्या 'स्ट्रिंग्ज'मध्ये हे मतभेद यंत्राने नेमून दिलेले असतात आणि दर खेपेला तेच येतात, म्हणून ते ऐकायला गुळगुळीत आणि आठवायला निरस.

इंग्लंडात मांतोवानीने या गोष्टीचा पुरता धंदा केला. व्हेनिसमध्ये जन्मलेला हा माणूस लंडनला वाद्यवृंद चालवी. १९५१ मध्ये त्याची 'शारमेन' नावाची रेकॉर्ड तुफान खपली, ती रोनाल्ड बिंज या अरेंजरच्या एका युक्तीमुळे. त्याने व्हायोलिनांचे गट पाडले आणि चालीतला एकेक स्वर एकेका गटाला दिला. आपला स्वर लावून तो गट तिथेच थांबतो, तोवर दुसरा गट पुढचा स्वर उचलतो. मागचे स्वर विरायच्या आत पुढचे येतात आणि आपण उंच घुमटाच्या चर्चमध्ये उभे आहोत असा भास होतो. प्रतिध्वनी बाहेरून मिसळलेला नाही, तो कागदावर लिहिलेला आहे.

ही युक्ती समजून घ्यायला रेकॉर्ड लागत नाही. बुधवारी सेंट मायकेलला जावं. १९४८ पासून तिथे दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना चालते आणि ख्रिस्ती नसलेलेही हजारो येतात. एवढा जमाव एक स्तोत्र गातो तेव्हा पुढच्या बाकांचा शब्द संपतो, मधल्यांचा अजून चालू असतो, दारातल्यांचा तर नुकता सुरू झालेला. एकाच ओळीच्या चार सावल्या. ती ओळ कुठली आहे हे कळेनासं होतं, आणि तरी छातीत काहीतरी भरून येतं.

सेबॅस्टियन डिसोझांची रीत वेगळी होती आणि मला ती मांतोवानीहून सरस वाटते. त्यांनी व्हायोलिनांना गायिकेच्या मागे बोलायला लावलं. शंकर-जयकिशनचं लताबाईंचं कुठलंही संथ गाणं लावा आणि एकदा हट्टाने लताबाईंकडे दुर्लक्ष करा. (अवघड आहे, पण करा.) त्या लांब स्वर धरतात तेव्हा व्हायोलिनं खालून वर सरकत येतात. त्या शब्द म्हणतात तेव्हा व्हायोलिनं माघार घेतात. मुख्य चालीशी न भांडता दुसरी एक चाल शेजारून वाहत असते. ती इतकी पूर्ण आहे की गाणं काढून घेतलं तरी तिच्यावर स्वतंत्र रचना उभी राहील. आपल्याकडे गाण्याच्या साथीला पेटी किंवा सारंगी गळ्याच्या पाठोपाठ जाते, सावलीसारखी. ही साथ समोरून येते. लताबाईंच्या स्वरातलं जे दुःख आपण एकट्या त्यांच्या नावावर मांडतो, त्यातला बराच वाटा या समोरून येणाऱ्या ओळीचा आहे, असं मी धाडसाने म्हणेन.

आणि हे सगळं एका दमात. सगळा ताफा एका खोलीत, एक-दोन मायक्रोफोन, पितळी वाद्यं मागच्या भिंतीकडे लोटलेली, व्हायोलिनं पुढे. तिसऱ्या मिनिटाला एखाद्याचं बोट घसरलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. त्या काळच्या रेकॉर्डमध्ये जो ताण आणि जो जिवंतपणा ऐकू येतो त्याचं कारण ही भीती. पन्नास माणसं एकत्र श्वास रोखून बसली आहेत हे टिपेच्या जागी स्पष्ट जाणवतं.

मराठीत याला स्वतःचा घाट दिला तो प्रभाकर जोगांनी. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तेव्हापासून बाबूजींच्या साथीला त्यांचं व्हायोलिन होतं. पुढे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांतही ते वाजवत. 'गाणारं व्हायोलिन' या नावाने त्यांनी भावगीतं आणि चित्रपटगीतं नुसत्या वाद्यावर वाजवली, त्या रेकॉर्ड आणि कॅसेट घराघरांत गेल्या. अशा वाद्यसंगीताच्या रेकॉर्ड इतरही पुष्कळ निघाल्या: व्हॅन शिपलींची गिटार, पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचं अकॉर्डियन. त्या मजेदार आहेत, पण तिथे वाद्य चाल वाजवतं. जोगांचं वाद्य शब्द म्हणतं.

कसं, ते जवळून पाहण्याजोगं आहे. ओळखीचं एखादं भावगीत घ्या. जोग गज प्रत्येक अक्षराच्या हिशेबाने वळवतात. जोडाक्षर आलं की गजाला बारीक अडखळ देतात, आणि दीर्घ स्वरावर गज न उचलता नुसतं बोट सरकवतात. अनुस्वाराच्या जागी दाब कमी करून स्वर नाकात घेतल्यासारखा मिटवतात. त्यामुळे शब्द नसताना शब्द ऐकू येतात, पण ऐकू येतात ते ज्याला गाणं पाठ आहे त्यालाच. गुजरातीभाषक शेजाऱ्याला तीच रेकॉर्ड ऐकवा, त्याला छान चाल ऐकू येईल, बस्स. जोगांचं वादन अर्धं त्यांच्या गजात आणि अर्धं आपल्या पाठांतरात आहे. तुमच्या डोक्यातला आवाज बाबूजींचा असेल, कुणाच्या डोक्यात ते गाणं स्वयंपाकघरात गुणगुणणाऱ्या आईचा असेल. व्हायोलिन त्यातल्या कुणालाच अडवत नाही. गळा असता तर अडवलं असतं.

मधल्या पिसाची जादूही इथेच उलगडते. गाणं चालू असताना आपण कवीच्या ताब्यात असतो, तो चंद्र म्हणाला की चंद्र, नदी म्हणाला की नदी. पीस सुरू झाला की तो ताबा सुटतो आणि पंधरा-वीस सेकंद मन मोकळं असतं. त्या वेळी आपण ज्या खोलीत असतो, समोर जे माणूस असतं, खिडकीतून जो वास येत असतो, ते सगळं त्या सुरांना चिकटतं. वर्षांनी तो पीस वाजला की ते सगळं सुटून बाहेर येतं. शब्दांना दुसरं काही चिकटायला जागाच नसते, ते अर्थाने भरलेले असतात.

आता खोटंही सांगू नये. या संगीतात भुसा भरपूर आहे. हॉटेलच्या लॉबीत वाजणाऱ्या त्या अनाम बासऱ्या, प्रत्येक नायिकेच्या अश्रूबरोबर धाय मोकलणारी व्हायोलिनं, भावना पुरेशी नाही म्हणून दुप्पट केलेला ताफा. गोडव्याला आंबट-कडूची जोड नसली की तो लवकर उबगतो. कॉफमनच्या धुनेत ती फट आहे, डिसोझांच्या ओळीत विरोध आहे, जोगांच्या गजात व्यंजनांचा खरखरीतपणा आहे. टिकलं ते यामुळे.

वाजवणाऱ्यांनाही मधल्या जागेचा कंटाळा येई. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईच्या झेवियर कॉलेजात शंभराच्या आसपास वादक बसवून भारतीय रागांवर स्वतःच्या रचना सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. तो डाव पुढे चालला नाही. १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले. त्यांचं नाव घरोघर पोचलं ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे, 'अमर अकबर अँथनी'त अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभच्या गाण्यातून. नाव पोचलं, माणूस नाही. त्या रचना आज ऐकायला मिळाल्या तर मी बाकीची कामं बाजूला ठेवीन.

मराठी मंडळी अरेंजरच्या कामातही मागे नव्हती. व्हायोलिनवादक अनिल मोहिले आणि अकॉर्डियनवाले अरुण पौडवाल हे हिंदीच्या ताफ्यात मुरलेले. दोघांनी मिळून अनिल-अरुण नावाने मराठीत संगीत दिलं, 'अष्टविनायक' त्यांचाच. त्यांच्या गाण्यांतल्या मधल्या जागा ऐकताना कळतं की हा हात आधी दुसऱ्यांच्या गाण्यांच्या खिडक्या बसवून आलेला आहे.

१९८०नंतर सिंथेसायझर आला, मग एकेकट्याने येऊन वाजवून जायची पद्धत आली, आणि १९९०च्या दशकात मोठे ताफे उठले. त्याबद्दल छाती पिटायचं कारण नाही, धंदा बदलतो. पण हे संगीत समोर, फुकट आणि उघड्यावर ऐकायचं असेल तर एक जागा अजून आहे. डिसेंबरात मखदूमशाह बाबांच्या दर्ग्यावर माहीमची जत्रा भरते तेव्हा पहिला संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक, माहीम पोलीस ठाण्याचा असतो आणि मिरवणुकीत पोलिसांचा बँड असतो. गर्दी, हलव्याची दुकानं, आकाशपाळणा, आणि त्यात पितळी वाद्यं. क्लॅरिनेटवाल्याकडे बघा. चाल वाजवणारे ट्रम्पेट पुढे असतात, तो मागे राहून चालीच्या फटी भरत असतो. डिसोझांची व्हायोलिनं करायची तेच काम.

रेकॉर्डच्या लेबलवर गायकाचं नाव असे, संगीतकाराचं असे, चित्रपटाचं असे, वाजवणाऱ्याचं नसे. पुढे ग्रेगरी बूथसारख्या अभ्यासकाने या वादकांच्या मुलाखती घेऊन ग्रंथ लिहिला, हे चांगलं झालं, पण सगळे त्यात मावणार नाहीत. माहीम, वांदरे, दादर, गिरगाव इथल्या जुन्या इमारतींत अजून काही वादक आहेत, ऐंशी-नव्वदीचे. तुमच्या जिन्यात असा कुणी अंकल किंवा काका राहत असेल, तर पुढच्या रविवारी मोबाईलवर एक जुनं गाणं घेऊन त्यांच्याकडे जा. मधला पीस आला की थांबवा आणि विचारा: यात कोण कोण होतं? साल आठवलं नाही तर राहू द्या. नावं तेवढी लिहून घ्या.